सईस पत्र: सोमवारच्या चाचणीआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ‘सोमवारपासून खरा नमुना’ म्हणालीस आणि लगेच बाबांच्या गुडघ्यावर वळलीस. मी हो हो करत राहिले, पण लक्ष तिथेच अडकलं. इतके महिने किरणोत्सारी नसलेली साधी पूड पत्र्यावर पसरून तुम्ही त्यावर धूळ धरून ठेवणारा लेप फवारत होतात, विंड टनेलमध्ये, म्हणजे वारा सोडणाऱ्या बोगद्यात ठेवून किती कण उडाले ते फिल्टरवर मोजत होतात. तेव्हा मी निर्धास्त होते. आता पूड किरणोत्सारी असणार.

मास्कची कड चेहऱ्याला घट्ट बसते ना? केसांची एक बट मध्ये आली तरी फट राहते, हे तूच सांगितलं होतंस.

लहानपणी झाडू हातात घेण्याआधी तू जमिनीवर पाणी शिंपडायचीस, आबांना धाप लागू नये म्हणून. कुणी शिकवलं नव्हतं. पाणी वाळलं की धूळ पुन्हा उठायची आणि तू चिडायचीस. आता वाळल्यावरही धूळ धरून ठेवणारा लेप तू तपासतेस. १९८६ मध्ये चेर्नोबिलला अणुभट्टी फुटल्यावर हेलिकॉप्टरमधून चिकट द्रव फवारले ते धूळ बसवायलाच, फुकुशिमातही राळ फवारली. तसल्या कामाला माझ्या लेकीचा हात लागतोय, हे सांगताना माझा आवाज चढतो.

मग गोयानिया आठवतं. ब्राझील, १९८७. टाकून दिलेल्या उपचारयंत्रातली किरणोत्सारी सीझियमची पूड, १०० ग्रॅमसुद्धा नाही. अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी घरी नेली. चार जण दगावले, त्यात सहा वर्षांची पोर. तुझा नमुना अल्फा किरण सोडणारा, ते किरण कातडीही भेदत नाहीत, हे तू समजावलंस. पण तोच कण श्वासातून फुप्फुसात जाऊन बसला तर? म्हणून मास्क, सई. कुणी वरिष्ठ ‘दोन मिनिटांचं तर काम’ म्हणाले तरी मास्क तपासल्याशिवाय आत जायचं नाही. सरळ नाही म्हणायचं. नाही म्हणायला तू कधी कचरली नाहीस, त्या लग्नाच्या वेळीही नाही.

बघ, लागले शिकवायला. यातलं तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. रागावू नकोस.

बाबांना मी अजून काही बोललेले नाही. दादाला सांगितलं, तो गप्पच झाला.

अतिनील दिव्याखाली ठेवलेल्या लेपाला भेगा गेल्या का, ते सांगायचं राहिलंय तुझं. सोमवारी रात्री फोन कर. आणि मास्क काढताना त्याच्या बाहेरच्या बाजूला हात लावू नकोस.

तुझी,
आई