बाबा, दवाखान्याला कुलूप लावू नका

पुणे, ७ डिसेंबर

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी जरा जास्तच बोलले. "पंचाहत्तरी आली, आता पुरे झालं, दवाखान्याला कुलूप लावा आणि दोघं पुण्याला या." बाबा, तुम्ही 'बघू' म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं 'बघू' मी लहानपणापासून ओळखते. सहलीला जाऊ का विचारलं की हेच उत्तर यायचं, आणि त्याचा अर्थ 'नाही' असायचा. त्या रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा फोन केला तर पुन्हा वाद घालीन, म्हणून पत्र लिहिते आहे.

माझा राग जुना आहे. दिवाळीचा. आपल्याकडे भाताची कापणी आणि दिवाळी एकाच सुमारास येतात, आणि कापलेल्या भाऱ्यांखाली विंचू असतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई तुमच्या पाठीला तेल लावत असायची आणि अंगणातून हाक यायची. अंगावरचं तेल तसंच ठेवून, वर शर्ट चढवून तुम्ही निघायचात. तुमचं फराळाचं ताट झाकलेलं असायचं आणि मी त्या झाकणाकडे बघत बसायचे.

चौथीत असताना एकदा मी हट्टाने तुमच्या मागे स्कूटरवर बसले. विन्हेऱ्याच्या बाजूची वाडी होती. पडवीत माझ्याच वयाचा मुलगा घामाने चिंब भिजून पडला होता, पण हातपाय गार पडलेले. तुम्ही प्राझोसिनची गोळी दिलीत आणि त्याच्या आईला बजावलंत, "याला बसवायचं नाही, उभं करायचं नाही, लघवीलासुद्धा आडवंच." मग तिथेच भिंतीला टेकून बसलात. तीन तासांनी पुन्हा गोळी. मी तुमच्या मांडीवर झोपले. उजाडता उजाडता त्या मुलाचे पाय गरम लागायला लागले, तेव्हा तुम्ही माझा हात धरून त्याच्या तळव्याला लावलात. येताना सांगितलंत की ही मुळात रक्तदाबाची गोळी, उठवलं असतं तर पोर भोवळ येऊन कोसळलं असतं.

ही गोळी लाल विंचवाच्या विषावर लागू पडते हे आपल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा तुम्ही फोनवर किती वेळ बोलत होतात! ही गोळी येण्याआधी विंचू चावून अत्यवस्थ झालेल्या शंभरातली तीस-चाळीस माणसं दगावायची. तुम्ही १९७८ साली महाडला बिऱ्हाड केलंत, म्हणजे गोळी येण्याआधीची ती वर्षं तुम्ही पाहिलीत. त्या वर्षांत तुमच्या हातांत गेलेल्या पोरांची नावं तुम्हाला अजून पाठ आहेत, हे मला आईने माझ्या लग्नानंतर सांगितलं. दिवाळीचं तेल अंगावर घेऊन तुम्ही का धावायचात ते मला तेव्हा कळलं. कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्या ताटाकडे रागाने बघितलं नसतं.

आई, आता तुझ्याबद्दल. लोक 'डॉक्टरांचा दवाखाना' म्हणतात आणि मीही तसंच म्हणत आले. पण काचेच्या सिरिंजा उकळायचीस तू, औषधाच्या बाटल्यांवर डोसाच्या कातरलेल्या पट्ट्या चिकटवायचीस तू, आणि भिंतीवरचं कॅलेंडर तुझं होतं. सांधेतापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यावं लागतं, वर्षानुवर्षं. एक चुकलं की ताप उलटायची भीती. त्या मुलांची नावं तू तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहायचीस. कुणी आलं नाही तर त्या गावच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायचीस, "शिंप्याच्या पोरीला म्हणावं, उद्या ये." किती कंडक्टरांनी असे निरोप पोचवले असतील! त्यातल्या दोन मुली आता स्वतः आया आहेत ना?

आणि तो पूर. २२ जुलै २०२१. दोन दिवस तुमचा फोन लागत नव्हता आणि मी इथे बातम्यांत पाण्याखालची महाडची बाजारपेठ बघत होते. तिसऱ्या दिवशी पोचले तेव्हा बाबा, तुम्ही ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होतात. दवाखान्यात पंख्यापर्यंत पाण्याची खूण. गुडघाभर चिखल उपसणाऱ्यांना थांबवून तुम्ही पुराच्या चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप येऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन देत होतात आणि प्रत्येकाला पायावरची जखम दाखवायला लावत होतात. मागच्या अंगणात आईने दोऱ्या बांधून केसपेपर वाळत घातले होते. बहुतेकांची शाई धुऊन गेली होती. रात्री मेणबत्तीपुढे बसून ती आठवून वही लिहीत होती: याला पेनिसिलीन सोसत नाही, हिला सल्फा, याच्या बापाला मधुमेह. त्रेचाळीस वर्षांतलं तिच्या डोक्यात राहिलेलं सगळं. मी तेव्हाही "आता बंद करा" म्हणाले होते. आई म्हणाली, "वही पूर्ण होऊ दे." मला तेव्हा ते टाळणं वाटलं.

तर मी रविवारचं बोलणं मागे घेते. मी घाबरते, बाबा. जिना चढताना तुम्हाला दम लागतो हे आईने चोरून सांगितलंय. तिला रागावू नका. दवाखाना चालू ठेवा, पण सकाळीच, दोन तास. रात्रीच्या व्हिजिटा बंद, कुणीही हाक मारली तरी. आणि जे तुम्ही दुसऱ्यांना सांगता ते स्वतःसाठी करा: हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. तारीख मी घेतली आहे, १८ तारीख, सकाळी अकरा. इथे 'बघू' चालणार नाही.

शुक्रवारी रात्री ताम्हिणीमार्गे येते. आई, पावटा सोलून ठेवू नकोस, आपण दोघी बसून सोलू. नव्या वर्षाचं कॅलेंडर मी घेऊन येते आहे. एकवीस दिवसांच्या यादीत किती नावं उरली आहेत ती काढून ठेव. या वेळी चौकोनांत मी लिहीन, आणि फोनही मीच करीन.

तुमची,
ताई