आधी उंची, मग बाकीचं

बर्मिंगहॅम
रविवार, रात्र

प्रिय बंडू,

काकांच्या फियाटचे फोटो पाहिले. स्प्रिंगा कापून गाडी एवढी खाली बसवलेली पाहून जीव कासावीस झाला रे. आता ब्रेक मारला की डावीकडे ओढते म्हणतोस, आणि मेस्त्री पुढचं सगळं बदलूया म्हणतोय. थांब जरा. माझ्या मिनीत मी तीन महिने हेच निस्तरत होतो, ते आधी वाच.

गाडी १९९१ची, ९९८ सीसी. आधीच्या मालकाने फार हौसेने नटवलेली: तेरा इंची रुंद अलॉय, फुगवलेले मडगार्ड, आणि पुढे उंची कमी-जास्त करायचे हाय-लो. दिसायला देखणी, पण मोटरवेवर स्टिअरिंग हातात ठरत नसे. ब्रेकला डावीकडे ओढ, लहानशा खड्ड्यातही टक्‌ असा आवाज, पुढच्या टायरांच्या आतल्या कडा गुळगुळीत. एका गॅरेजने चारही बॉल जॉइंट बदलले. पैसे गेले, आवाज तसाच.

शेवटी मीच गाडी स्टँडवर चढवली आणि चाकं काढली.

मिनीला कॉइल स्प्रिंग नसते. अ‍ॅलेक इसिगोनिसने १९५९ साली दहा इंची चाकांवर एवढीशी गाडी उभी केली, तेव्हा स्प्रिंगच्या जागी अ‍ॅलेक्स मोल्टनने बनवलेला रबराचा शंकू बसवला. चाकाला गाडीशी जोडणारा वरचा आर्म तरफेसारखा चालतो. चाक बरंच वर उचललं गेलं तरी शंकू थोडासाच दबतो, आणि जितका दबेल तितका अधिक कडक होत जातो. म्हणून शंकूपाशी दोन-चार मिलिमीटरची चूक झाली तर चाकापाशी ती कित्येक पट मोठी दिसते. माझ्या गाडीचे दोन्ही शंकू म्हातारे झालेले, त्यातही डावा जास्त बसलेला. गाडी सरळ दिसावी म्हणून डावा हाय-लो तेवढा जास्त फिरवून ठेवला होता. दुखणं तसंच, वरून फक्त पावडर!

आवाज कुठून येत होता सांगू? शंकूखालच्या दांड्याच्या टोकाला स्टीलचा गोळा असतो, तो आर्मवरच्या नायलॉनच्या वाटीत बसतो. डावी वाटी फुटलेली होती आणि गोळा लोखंडावर आपटत होता. भाग अगदी किरकोळ किमतीचा. शॉकअ‍ॅब्सॉर्बरही मूळ लांबीचेच ठेवलेले. गाडी खाली गेल्यावर ते रबराच्या आधीच तळाला टेकत. आखूड आणून घातले.

ओढ मात्र टाय-बारची. खालच्या आर्मला पुढून धरणारा हा दांडा; त्याच्या पुढच्या टोकाचं बुश, म्हणजे सांध्यातली रबरी गादी, डावीकडे फाटलं होतं. ब्रेक लागला की ते चाक मागे सरकायचं, कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव, कमी व्हायचा आणि गाडी त्या अंगाला जायची. तुझ्या गाडीची रचना वेगळी, पण फाटलेलं बुश असंच वागतं. मेस्त्रीला पहार लावून एकेक आर्म हलवून दाखवायला सांग. पाहिल्याशिवाय काहीही बदलू देऊ नकोस.

एक चूक मी केली, ती तू करू नकोस. खालच्या आर्मच्या बुशचे नट मी चाकं लोंबकळत असतानाच आवळले. गाडी जमिनीवर आली तेव्हा रबराला पीळ बसला. सगळं पुन्हा सैल केलं, गाडी चार पावलं पुढे-मागे ढकलली आणि वजन चाकांवर असताना आवळलं. शंकू नवे घातले होते; ते सुरुवातीला थोडे बसतात, म्हणून उंची जराशी वर ठेवली, काही आठवडे चालवली आणि मग पुन्हा जुळवली. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, त्यानंतर. टो-आउट, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं बाहेर वळलेली असणं, १.६ मिलिमीटर हवं, माझं जवळजवळ पाच भरलं. उंची बदलली की टो बदलतं, कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर झुकाव, तोही बदलतो. आधी अलाइनमेंट करून घेतली असती तर ती वाया गेली असती.

काल पावसात वेल्सपर्यंत जाऊन आलो. वळणावर गाडी हाताला अशी बिलगली, की तू शेजारी असायला हवा होतास.

शनिवारी नेहमीच्या वेळी फोन करतो. तोवर टायरांत हवा बरोबर भर, गाडी सपाट फरशीवर उभी कर, आणि चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून ठेव. कापलेल्या स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्या आहेत का, तेही बघ. मला तिथेच शंका आहे. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
दादू