जुन्या देवडीत नाइट क्लब : सजावटीआधी काय मोजावे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात बंद पडलेले वाडे आणि देवड्या (मोठ्या हवेल्या) घेऊन तिथे कॅफे, हॉटेल, नाइट क्लब काढण्याची बोलणी अलीकडे वरचेवर कानावर येतात. आम्ही जुन्या बांधकामांची दुरुस्ती आणि ध्वनियोजना या कामांतली माणसे आहोत. अशा वापराला आमचा विरोध नाही. रिकामी वास्तू फार लवकर पडते. माळवदावर (मातीच्या सपाट छतावर) नवी माती पडत नाही, पन्हाळी तुंबतात, तुळयांची टोके भिंतीत कुजतात आणि काही पावसाळ्यांत खणच्या खण खाली येतो. भाडे येऊ लागले की निदान डागडुजी होते. ॲमस्टरडॅममधले 'पॅरॅडिसो' हे एकोणिसाव्या शतकातले प्रार्थनागृह १९६८ पासून संगीतासाठी वापरात आहे आणि आजही भक्कम उभे आहे.

आमचे म्हणणे एवढेच, की वास्तूला किती भार, किती आवाज, किती माणसे आणि किती ओल सोसेल हे आधी मोजावे आणि धंदा त्या मापात बसवावा. सध्या क्रम उलटा चालतो. आधी इंटिरिअरची चित्रे, मग बार काउंटर, मग साउंड सिस्टीम, आणि भिंतीला तडा गेल्यावर अभियंत्याला फोन.

पहिला प्रश्न भाराचा. राहत्या घराच्या जमिनीसाठी आपले भारतीय मानक चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरते. नाचाच्या जागेसाठी ५०० किलो धरावा लागतो. वाड्याची माडी पहिल्या हिशेबाचीच असते, तीही तुळया निरोगी असतील तर. शिवाय नाचणाऱ्यांचा भार स्थिर नसतो. क्लबमधल्या संगीताची लय मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास असते, म्हणजे सेकंदाला दोन. लांब गाळ्याच्या जुन्या लाकडी तक्तपोशीची स्वतःची कंपने सेकंदाला पाच-सहाच्या घरात असू शकतात. ही कंपने ठोक्यांच्या पटीत, म्हणजे सेकंदाला चार किंवा सहा, आली, की शंभर माणसांच्या एकत्र उड्यांनी झोका वाढतच जातो आणि आधी सुटतो तो तुळईचा भिंतीतला टेका. म्हणून डान्स फ्लोअर माडीवर कधीच नको, खाली लोखंडी खांब दिले तरी नको. तो तळमजल्यावरच हवा. तळमजलाही भरीव आहे असे गृहीत धरू नये. आपल्याकडे फरशीखाली तळघर असते, धान्याचे पेव असते, भिंतीत धान्य साठवण्याचे बळद असते. जुन्या शहराच्या पोटात नहर-ए-अंबरीचे आणि नंतरच्या नहरींचे नळही गेलेले आहेत. १६१० मध्ये मलिक अंबरने वसवलेल्या खडकीला पाणी देणारी ती रचना आहे. अग्निशमनाच्या टाकीसाठी जेसीबी लावण्यापूर्वी हाताने चाचणी खड्डे घ्यावेत.

तुळईची तपासणी सोपी आहे, पण ती रंगकामाआधी व्हायला हवी. तुळई भिंतीत शिरते तिथपासून वीतभर अंतरात टोचणी खुपसून पाहावी, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. भरीव लाकूड ठणठणते, वाळवीने पोखरलेले बद्द वाजते. कुजलेले टोक तेवढे कापून सागाचाच सांधा देता येतो, पूर्ण तुळई बदलण्याची गरज क्वचित पडते. जुन्या तड्यांवर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहावी. पट्टी फुटली तर तडा अजून चालता आहे. भिंतींच्या कंपनांसाठी जर्मनीचे डीआयएन ४१५० हे मानक उपयोगी पडते. सततच्या कंपनांसाठी नाजूक जुन्या वास्तूच्या वरच्या मजल्यावर सेकंदाला २.५ मिलिमीटर ही कंपनाच्या वेगाची मर्यादा त्यात दिली आहे.

आता आवाज. तक्रारी इथूनच सुरू होतात आणि सर्वांत जास्त पैसेही इथेच चुकीच्या गोष्टींवर जातात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत रहिवासी भागात ४५ आणि व्यापारी भागात ५५ डेसिबल ही मर्यादा आहे. गुलमंडीसारख्या भागात खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते, तेव्हा ४५ चाच आकडा धरून चालावे. आत ९५ डेसिबल असतील तर मधल्या बांधकामाने ५० डेसिबल अडवले पाहिजेत. दोन फुटी दगडी भिंत हे काम आरामात करते. आवाज भिंतीतून जात नाही, भोकांतून जातो. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या फक्त एक टक्का भाग उघडा राहिला, तर भिंत कितीही जाड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या वर जात नाही. झरोके, दाराखालची फट, एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक, दिंडी दरवाजाच्या फळ्यांतल्या चिरा हे सगळे त्या एक टक्क्यात येते.

छताबाबत तर नुकसान हाताने ओढवून घेतले जाते. फूटभर पांढऱ्या मातीचे माळवद चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या पुढे जाते. 'जुनाट दिसते' म्हणून ते काढून पत्रा टाकला जातो. पत्रा भरतो चार-पाच किलो. वजन दुप्पट झाले की आवाजाची अडवणूक साधारण सहा डेसिबलने वाढते, या नियमाने पाहिले तर माळवद काढण्यात हिशेबाने सुमारे ४० डेसिबल गमावले जातात, आणि नेमके वरच्या दिशेला. मराठवाड्यात उन्हाळ्यात निम्मी गल्ली गच्चीवर झोपते. तेव्हा माळवद ठेवावे, तुळया तपासून गरज तिथे जोडतुळई द्यावी आणि पावसाळ्याआधी दरवर्षी मातीचा थर नीट करावा.

चौकात डीजे लावायचा आणि वरून पारदर्शक पॉलिकार्बोनेट टाकायचे, ही सध्याची आवडती कल्पना. चित्रात ती फार देखणी दिसते. पण बास आवाजाला ते छत जवळजवळ नसल्यासारखेच असते. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळपास सात मीटर असते, तिला अडवायला वजन लागते. चौकात बैठक ठेवावी, संगीत आतल्या दालनात. तिथेही खोलीत खोली करावी: जुन्या भिंतीपासून १०० मिलिमीटर सुटी चौकट, मध्ये खनिज लोकर, त्यावर जिप्सम बोर्डाचे दोन थर, आणि रबरी गाद्यांवर ठेवलेली वेगळी जमीन. ही चौकट कुठेही जुन्या भिंतीला टेकता कामा नये. घाईत मारलेला एक स्क्रूही कंपन पोचवतो आणि सगळा खर्च वाया जातो. प्रवेशाला दोन दारे, एक बंद झाल्यावरच दुसरे उघडेल अशा अंतरावर.

दोन कोपऱ्यांत दोन अजस्र स्पीकर ठेवण्यापेक्षा डोक्यावर लहान लहान अनेक स्पीकर टांगावेत. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की सहा डेसिबल वाढतात, म्हणजे १० मीटरऐवजी अडीच मीटरवरून ऐकवले तर स्पीकरला १२ डेसिबल कमी जोर पुरतो. सब-वूफर लाकडी मंचावर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. यंत्रणेला कुलूपबंद लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारे उपकरण) हवा आणि त्याची किल्ली डीजेकडे नको. ऐकणाऱ्यांच्या कानांसाठीही जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे.

मोजणीतली एक खोच संबंधितांनी लक्षात घ्यावी. नियमातले डेसिबल 'ए' पद्धतीने मोजतात आणि ती पद्धत ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने कमी धरते. कागदावर ४४ डेसिबल दिसतात आणि शेजारच्या मांडणीवरची भांडी थरथरत असतात. त्यामुळे बास फारसा कमी न धरणाऱ्या 'सी' पद्धतीचीही नोंद घ्यावी, आणि मोजणी शेजाऱ्याच्या गच्चीवर, रात्री अकरानंतर व्हावी.

आवाज शोषायला भिंतींना फोम चिकटवणे हा सर्वांत घातक उपाय आहे. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या 'द स्टेशन' क्लबमध्ये आतषबाजीच्या ठिणग्यांनी असाच फोम पेटला आणि १०० माणसे गेली. जानेवारी २०१३ मध्ये ब्राझीलमधल्या 'किस' क्लबमध्ये तेच झाले, २४२ मृत्यू. फोम धुमसत बसत नाही, मिनिटभरात विषारी धुराने खोली भरते. अग्निरोधक प्रक्रिया केलेले जाड सुती पडदे किंवा न जळणाऱ्या लोकरीचे फलक टांगावेत, तेही दगडात नव्हे तर दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांमध्ये स्टेनलेस स्टीलचे हूक बसवून. साधे लोखंड गंजून फुगते आणि दगडाची कड उडवते.

मुंबईच्या कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी आगीत १४ जण दगावले, ते आपण विसरू नये. राष्ट्रीय इमारत संहितेत नाचाच्या जागेत माणशी ०.६ चौरस मीटर धरतात. म्हणजे ६० चौरस मीटरच्या दालनात १०० माणसे, त्याहून एक जास्त नाही. वाड्याचा मुख्य दरवाजा आत उघडतो, त्याला दिंडी असते, उंच उंबरा असतो. अंधारात पळणाऱ्या गर्दीला हे तिन्ही अडथळे आहेत. मूळ दरवाजा कापू नये. क्लब चालू असेपर्यंत तो पूर्ण उघडा राहील अशी खिटी लावावी, उंबऱ्यावर काढता येणारा उतार ठेवावा, आणि मागच्या, कमी महत्त्वाच्या भिंतीत बाहेर उघडणारे, ढकलताच सुटणारे दुसरे दार द्यावे. धुराचे यंत्र वापरणार असाल तर नुसते स्मोक डिटेक्टर सतत वाजतात, मग कोणीतरी ते बंद करून ठेवतो. उष्णता आणि धूर दोन्ही ओळखणारे डिटेक्टर बसवावेत. बंब ज्या गल्लीत शिरतच नाही तिथे नाइट क्लबला परवानगीच नको, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथे वाचनालय करा, लहान खाणावळ करा.

चुन्याच्या कामात घाई चालत नाही. कळीचा चुना किमान तीन आठवडे पाण्यात मुरवून, गाळून, एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग वाळू असे चुन्याच्या घाण्यात मळावे. गिलाव्याचे थर १०-१२ मिलिमीटरचे, आणि दोन आठवडे ओल्या गोणपाटाखाली. मे महिन्यातल्या उन्हात गोणपाट नसेल तर गिलावा दोन दिवसांत भेगाळतो. पुढेही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना आतपर्यंत घट्ट व्हायला महिने लागतात. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, म्हणून सिमेंटचा गिलावा आणि वर प्लॅस्टिक रंग मारला जातो. भिंतीतली ओल बाहेर पडेनाशी होते, क्षार आतच साठून लोणा लागतो आणि दोन पावसाळ्यांत विटांचे पीठ होते.

क्लबमध्ये ओल फक्त जमिनीतून येत नाही. नाचणारा माणूस साधारण २५० वॉट उष्णता टाकतो. शंभर माणसांची २५ किलोवॉट झाली, म्हणजे सात टनांचा एसी फक्त माणसांसाठी, आणि त्यातली बरीच उष्णता घामाच्या वाफेतून बाहेर पडते. ताज्या हवेची सोय नसेल तर ती वाफ पहाटे थंड भिंतींवर उतरते. एसीची बाहेरची युनिटे माळवदावर नकोत, मागच्या अंगणात रबरी पायांवर ठेवावीत. स्वच्छतागृहे जुन्या भिंतींना न लावता वेगळ्या नव्या खोलीत असावीत.

परवान्यांच्या कागदांची यादी इथे देत नाही, ती संबंधित कार्यालयांत मिळते. बीबी का मकबऱ्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते, तिथे दुरुस्तीलाही परवानगी लागते, एवढे मात्र जागा घेण्यापूर्वीच पाहावे.

महापालिकेला आमची विनंती अशी, की अंतिम परवान्याआधी तीन महिन्यांचा तात्पुरता परवाना द्यावा. त्या काळात शेजारच्या गच्चीवरील 'ए' आणि 'सी' मोजणी, तड्यांवरच्या काचपट्ट्यांची नोंद आणि प्रत्यक्ष माणसे घेऊन केलेली बाहेर पडण्याची रंगीत तालीम, या तिन्हींचा अहवाल प्रवेशद्वाराशी लावणे बंधनकारक करावे. अग्निसुरक्षेचे जानेवारी-जुलैचे 'बी' प्रपत्रही (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) तिथेच लावावे, म्हणजे आत जाणाऱ्याला ते वाचता येईल.

आपले,
जुन्या बांधकामांची दुरुस्ती व ध्वनियोजना करणारे काही अभियंते, गवंडी आणि तंत्रज्ञ,
छत्रपती संभाजीनगर