हसरे फोटो आमचे, बोटीचे पैसे तुमच्याकडे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : व्हिएतनाम सहलीत रद्द झालेल्या हालाँग बेच्या क्रूझचे पैसे परत मिळणेबाबत

महोदय,

आम्ही भुसावळचे शाळेपासूनचे मित्र. सप्टेंबरात तुमच्यामार्फत व्हिएतनामला जाऊन आलो. ओढ होती ती हालाँग बेची. 1994 पासून जागतिक वारशात असलेल्या त्या उपसागरात बोटीवर रात्र काढायची होती. वादळाच्या इशाऱ्यामुळे तिथल्या प्रशासनाने बोटी बंद ठेवल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पाऊसवाऱ्यापुढे कोणाचं चालतं?

तक्रार पुढची आहे. क्रूझचे माणशी 9,500 रुपये परत मागितले, तर तुमच्या कार्यालयातून उत्तर आलं, "ग्रुपवर हसरे फोटो तुम्हीच टाकलेत, मग परतावा कसला?"

त्या फोटोंची हकीकत ऐका. हनोईला परतलो तेव्हा रात्र झाली होती. तुमचा प्रतिनिधी फोन उचलेना, त्या रात्रीचं हॉटेल कोणी बुकच केलेलं नव्हतं. भर पावसात बॅगा ओढत जुन्या हनोईच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, तेव्हा कुठे एका बाईंच्या लॉजमध्ये खोल्या मिळाल्या. आमच्यातला एक माळकरी. सकाळपासून त्याच्या पोटात केळ्यांशिवाय काही नव्हतं. बाईंनी सरळ स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. त्यांच्याकडची लांबट जांभळी वांगी गॅसवर भाजली. बामणोदच्या वांग्याची सर त्यांना नाही, पण हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर भरपूर होती. सोबत नेलेल्या कळण्याच्या पिठाच्या भाकरी थापल्या. बाईही आमच्या पंगतीला बसल्या आणि भरीत दोनदा मागून घेतलं. ते फोटो त्या पंगतीचे आहेत. दुसऱ्या दिवशी निन्ह बिन्हची गाडीही त्यांनीच ठरवून दिली. तिथल्या चुनखडीच्या डोंगरांखालून, गुहांमधून होडी गेली, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. हा आनंद आमच्या दोस्तीचा आणि त्या माउलीचा. तो तुमच्या सेवेच्या खात्यावर जमा करू नका.

क्रूझचे पैसे, लॉजचं भाडं आणि गाडीखर्च 15 दिवसांत परत करावा. पावत्या जोडल्या आहेत. करारातल्या 'न्यायक्षेत्र मुंबई' या ओळीची भीती घालू नये. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. पैसे आले नाहीत तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात आम्ही सगळे मिळून जाऊ.

कळावे,
सर्व मित्रांच्या वतीने,
बुकिंग करणारा ग्राहक, भुसावळ