पुढच्या दोन खोल्यांविषयी

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

पुढच्या दोन खोल्या मी भाड्याने दिल्या आहेत. फोनवर हे सांगायचे मी दोनदा टाळले, कारण फोनवर बाबा गप्प होतात आणि त्या गप्प बसण्याला उत्तर देणे मला या वयातही जमत नाही. म्हणून लिहिते आहे. येत्या एक तारखेला राहायला येणाऱ्या मावशी म्हणजे आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना तिच्याजवळ राहिल्या, त्याच. त्यांचे यजमान रिक्षा चालवतात. दोघांच्याही गळ्यात माळ आहे, खोलीत विठोबाचा देव्हारा असेल, आणि अंगणात तुळस लावू का, असे त्यांनी विचारले तेव्हा मी ‘लावा’ म्हणाले. तुम्हाला न विचारता म्हणाले, हे माझे चुकलेच. पण बाबा, न्हाणीघरात तुम्ही पडलात त्या रात्री आईला तुम्हाला उठवता आले नाही, शेजाऱ्यांना अपरात्री कशाला त्रास म्हणून तुम्ही तिला हाक मारू दिली नाहीत, आणि मी पुण्याहून पोहोचेपर्यंत तीन तास तुम्ही ओल्या फरशीवर होतात. दादाला इतक्या लांबून येता येत नाही, मला नोकरी सोडता येत नाही, आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुमचा जीव किती रमतो ते आपण मागच्या नाताळात पाहिले.

तुमचा आक्षेप माळेला नाही, तुळशीलाही नाही. तो प्रसादाला असणार, हे मला ठाऊक आहे. समोरच्या काकूंकडच्या सत्यनारायणाचा शिरा केळीच्या पानाने झाकून यायचा. तुम्ही वाटी दोन्ही हातांनी घ्यायचात, ‘आभारी आहे वहिनी’ म्हणायचात, आणि शिरा परसातल्या कोंबड्यांना जायचा; आई वाटी घासून, पुसून, तिच्यात साखर घालून परत पाठवायची. तिसरीत असताना मी त्यातला एक बेदाणा चोरून खाल्ला, त्याच्याबरोबर आलेले तुळशीचे पान जिभेला चिकटले, आणि रात्रीच्या प्रार्थनेत मी रडत रडत ते कबूल केले. तुम्ही मला मांडीवर घेतलेत आणि एवढेच विचारलेत, “चूळ भरलीस ना? मग झोप आता.” लेकरांना नरकाची भीती घालणारे वडील आमच्या संडे स्कूलमध्ये पुष्कळांना होते, मला नव्हते.

बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचे आठ ते दहा हे अध्याय तुम्हीच आम्हाला शिकवलेत. करिंथ या ग्रीक शहराच्या बाजारातल्या मांसात मंदिरात वाहिलेल्या पशूंचेही मांस असे, आणि तिथल्या नवख्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे आपल्या पुढच्या ओसरीवर असतो तोच प्रश्न होता. पौलाने त्याला एका शब्दात उत्तर दिलेले नाही. मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, असे तो म्हणतो आणि प्रभूचे मेज व भुतांचे मेज अशा दोन्हींचे भागीदार होता येत नाही, असेही बजावतो. कोणी जेवायला बोलावले तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा, असे सांगतो आणि लगेच, ते वाहिलेले आहे असे कोणी म्हटले तर मात्र खाऊ नका, असेही सांगतो. तुम्ही नेहमी दहाव्या अध्यायाच्या २८ व्या वचनावर थांबता. २९ व्या वचनात तो म्हणतो की हा विवेक तुझा नव्हे, त्या दुसऱ्याचा. त्या दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे आपण आपल्या घरी कधी विचारलेच नाही, असे मला अलीकडे वाटते.

पणजोबांच्या ‘नको’विषयी माझ्या मनात किंतु नाही. देवळाच्या पायरीखाली ओंजळ धरून उभे राहायचे आणि प्रसाद हाताला हात न लागता वरून पडायचा, हे ज्यांनी सोसले, त्यांनी बाप्तिस्म्यानंतर तो नाकारला, त्यात त्यांच्या विश्वासाइतकाच त्यांचा मान होता. पण मावशी शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी आल्या तेव्हा त्यांनी आईच्या तांब्यातले पाणी प्यायले आणि मग मला हळूच विचारले, “मला तुमचं चालतं, पण तुम्हाला माझ्या हातचं चालेल ना?” मला लाज वाटली. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्यावरही कितीतरी दिवस आपले पाणी आणि आपली चूल वेगळी ठेवून होत्या; १९०० साली स्वतः बाप्तिस्मा घेण्याआधीच त्यांनी ते सोवळे सोडले. त्यांनी सोडलेले सोवळे नगरच्या आपल्या घरांनी उलट्या बाजूने उचलले की काय? बाबा, रागावू नका. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, हे टिळकांचे म्हणणे तुम्हीच प्रत्येक कीर्तनात सांगत होतात.

प्रसाद खाच, असे मी म्हणत नाही. न खाणाऱ्याला खाणाऱ्याने तुच्छ मानू नये, असे रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे, आणि ते मलाही लागू आहे. आलेली वाटी कोंबड्यांना मात्र घालू नका. आता कोंबड्याही नाहीत. मावशींना समोर बसवून सांगा की आम्ही हे का घेत नाही. त्यांना कळेल. आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी कळवले आहे, ते म्हणाले, “बरं झालं, आता रात्री मला झोप लागेल.”

तुमचा दिनक्रम काही बदलणार नाही. सकाळची उपासना तुमच्याच खोलीत, साडेसहाला. हरिपाठ त्यांच्या खोलीत संध्याकाळी, दार लोटून. आईची भाकरी मावशी मऊ थापतात, आणि बाबांचा रविवारचा पांढरा सदरा शनिवारीच इस्त्री होऊन येईल. चर्चला जायला रिक्षा दारातच असेल. आषाढात निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते, तिच्याबरोबर ते दोघे पंढरपूरला जातात. ते परत येईपर्यंत मी रजा घेऊन तुमच्याजवळ राहीन.

आता माझे ऐकायचे. न्हाणीघराला कडी लावायची नाही, नुसते दार लोटायचे. नवा दांडा टॉवेल वाळत घालायला बसवलेला नाही. साखरेची गोळी जेवणाआधी, आणि आई, बाबांनी घेतली का ते विचारू नकोस, डबीत मोज. मोठ्या अक्षरांचे पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पाठवते आहे. जुने, पणजोबांच्या सहीचे, कपाटातच राहू दे. तुळस विहिरीच्या बाजूला लावायला सांगितली आहे, म्हणजे बाबांच्या खुर्चीवरचे ऊन अडणार नाही. पाणी मात्र सकाळी तुम्हीच घाला बाबा, मावशींची तेव्हा भाकरीची वेळ असते.

तुमची,
बाळी