घराजवळची कला पाहा

महोदय,
निवृत्तीनंतर आपल्याकडची बरीच मंडळी मुलांकडे मुंबई-पुण्याला जातात, नाहीतर देवदर्शनाला. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलीच कला पाहायची राहून जाते. मी आणि माझे यजमान सकाळच्या एसटीने निघतो, दिवेलागणीला घरी येतो. ६५ वर्षांनंतर अर्धे तिकीट, ७५ नंतर प्रवास मोफत. मग अडते कुठे?

सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, हाताने रंगवताना पाहायला मिळतात. दशावतारी गंजिफाचे १२० गोल पत्ते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे १२. त्या बारीक कुंचल्याची रेघ पाहताना तिथून पाय निघत नाही. पुढे चितारआळीत लाकडी फळे, खेळणी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या आहेत. चित्र समोर धरून ते रामायणातली कथा गातात, ती ऐकायला तरी जावेच. थोडे लांब जायची तयारी असेल तर रत्नागिरीचा, ब्रह्मदेशच्या थिबा राजासाठी बांधलेला १९१० चा थिबा राजवाडा आहे.

एक कळकळीची विनंती: कोकणातल्या सर्वच संग्रहालयांत बसायला बाकडी आणि मोठ्या अक्षरांतल्या मराठी पाट्या असाव्यात. आम्हाला एकेका चित्रापुढे निवांत थांबायचे असते.

– एक निवृत्त शिक्षिका, मालवण