सरकत्या जमिनीचा नकाशा नागरिकांसाठी खुला करावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘निसार’ हा नासा आणि इस्रो यांचा संयुक्त रडार-उपग्रह अवकाशात गेला आणि त्याचे सर्वत्र योग्य ते कौतुक झाले. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव २०१४ साली दरडीखाली गाडले गेले, तीही तारीख ३० जुलैच होती. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मान्य; तरीही या उपग्रहाने मोजलेली जमिनीची हालचाल नेमकी कोणाच्या हाती आणि कोणत्या स्वरूपात पडणार, हे विचारावेसे वाटते.

पाटबंधारे खात्यात असताना धरणाची भिंत आणि भोवतालची जमीन किती खचली, हे आम्ही लेव्हल (उंची मोजण्याची दुर्बीण) आणि स्टाफ (आकडे असलेली उभी पट्टी) घेऊन ठरावीक खुणांवर मोजत असू. त्यात दिवस मोडत, आणि दोन खुणांच्या मधल्या जमिनीचे काय चालले आहे ते कळतच नसे. उपग्रह ठरावीक दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावरून जातो. त्याने सोडलेली रडार-लहर जमिनीवर आदळून परत येते, आणि मागच्या खेपेच्या तुलनेत तिच्या फेजमध्ये (लहरीच्या चढ-उताराच्या टप्प्यात) पडलेल्या फरकावरून जमीन उपग्रहापासून दूर गेली की जवळ आली, हे काढता येते. अनेक वर्षांच्या अशा प्रतिमा एकत्र अभ्यासल्या की वर्षाला काही मिलिमीटर सरकणारा उतारही ओळखता येतो.

नॉर्वेने हे काम एखाद्या शहरापुरते न ठेवता संपूर्ण देशासाठी केले. तेथील भूवैज्ञानिक सर्वेक्षण, जल व ऊर्जा संचालनालय आणि अवकाश संस्था यांनी मिळून २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये युरोपच्या ‘सेंटिनेल-१’ उपग्रहांच्या प्रतिमांवरून तयार केलेला देशव्यापी नकाशा सर्वांसाठी खुला केला. त्यातील कोणत्याही बिंदूवर बोट ठेवले की तेथील जमीन कधीपासून किती हलली, त्याचा आलेख समोर येतो. ऑस्लोच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाचा भराव टाकलेल्या जमिनीवरील भाग खचतो आहे, तर जवळच खडकापर्यंत पाया नेलेले नवे ऑपेरागृह स्थिर आहे, हे याच उपग्रहांच्या मोजणीतून दिसले. असा नकाशा इशारा देत नाही, पण कोणत्या उतारावर उपकरणे बसवावीत हे सांगतो. क्षणोक्षणीची देखरेख पुढे जमिनीवरचे रडार करते. ‘व्हेस्लेमॅनेन’ नावाच्या कड्यावर तसे रडार रोखलेले होते. पायथ्याच्या रहिवाशांना काही वर्षांत १६ वेळा घरे सोडावी लागली, तेव्हा कुठे ५ सप्टेंबर २०१९ रोजी कडा कोसळला, आणि कोणाला इजा झाली नाही. पंधरा वेळा उगाच घर सोडावे लागलेल्या माणसाची चिडचिड समजण्यासारखी आहे; परंतु त्यांच्यापासून आकडे लपवलेले नव्हते, म्हणूनच सोळाव्या वेळीही ते निघाले असावेत, असे मला वाटते. २०२२ पासून युरोपच्या बहुतेक देशांसाठी असाच सामायिक नकाशा ‘कोपर्निकस’ कार्यक्रमातून प्रसिद्ध होतो.

आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन बारा दिवसांत ५.४ सेंटीमीटर खचल्याचा राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि लगेच संकेतस्थळावरून दिसेनासाही झाला. संस्थांनी माध्यमांशी परस्पर बोलू नये, अशी सूचना राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्याच सुमारास केली होती. अफवांची भीती खोटी नव्हती. पण ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते, त्यांना तो आकडा वाचून नव्याने घाबरण्यासारखे काय उरले होते?

‘निसार’ची विदा (डेटा) मोफत देण्याचे धोरण जाहीर झालेले आहे. मात्र ती कच्ची विदा उकलायला तज्ज्ञ आणि मोठे संगणक लागतात; महाड किंवा खालापूर तालुक्यातील सरपंचाला तिचा काडीचा उपयोग नाही. त्याला गावाच्या नावासह मराठीत वाचता येईल असा तयार नकाशा हवा, आणि तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अद्ययावत झालेला असावा.

या तंत्राकडून भलत्या अपेक्षा मात्र ठेवू नयेत. अतिवृष्टीने माती एकाएकी सुटून वाहते, तेव्हा आधी काही महिने उतार सरकलेला असेलच असे नाही. माळीण किंवा इर्शाळवाडी या नकाशावर आधी दिसली असती, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दाट झाडीत ‘सेंटिनेल’च्या सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या लहरी पानांतच विखुरतात. नॉर्वेत बर्फामुळे हिवाळ्यातील प्रतिमा वगळाव्या लागतात. सह्याद्रीत नेमक्या पावसाळ्यातल्या प्रतिमांची पंचाईत होते. ‘निसार’ची २४ सेंटीमीटरची लहर झाडीतून अधिक खोल पोहोचते, म्हणून पश्चिम घाटाला तिचा विशेष लाभ व्हावा. तरीही काही जागा कोऱ्याच राहतील. अशा जागी ‘येथे मोजता आले नाही’ असे नकाशावरच ठळक लिहिलेले असावे. नाहीतर नकाशावर काही नाही म्हणजे डोंगर स्थिर आहे, असे समजून त्याच्याच पायथ्याशी बांधकामाला परवानगी दिली जाईल.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सातारा